वरून मोजलेले पाच थर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, असिस्टंट इंजिनियर माननीय सुरेंद्र जोगळेकरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले युनियनचे सेक्रेटरी नानासाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती ज्योतीरामभाऊ शेंडगे, पुलाच्या गँगमधले माझे सगळे भाऊ, आणि कासारवाडीच्या या शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली सर्व मंडळी, तुम्हा सगळ्यांना चतुराबाई पाणीवालीचा नमस्कार.

मला सांगितलं होतं, महिला कामगारांतर्फे दोन शब्द बोला आणि नारळ द्या. महिला कामगार मी एकटीच आहे, तेव्हा कुणाला विचारायची गरज पडली नाही. नारळ मी देणारच आहे. शब्द मात्र दोनाच्या वर जातील. नानासाहेबांनी पाऊण तास घेतला आणि त्यात ज्योतीरामभाऊंचं नाव तीनदा आलं. मी मोजलं. मग मला पंधरा मिनिटं मिळायला हरकत नसावी.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. हे भाषण मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, आठ दिवस लागले. कुणाकडून तपासून घेतलं नाही, कारण तपासणाऱ्यानं मधला भाग काढून टाकला असता. अक्षर वाकडं आहे, पण वाचायचं मलाच आहे.

साहेब, तुम्ही इथं नवीन आलात. तुम्ही मघाशी म्हणालात, या पुलाचा इतिहास कुणीतरी सांगितला पाहिजे. मी सांगते, मला जेवढा ठाऊक आहे तेवढा.

पूल शंभर वर्षांच्या वरचा. गोऱ्या साहेबाच्या अमदानीतला. खांब आजूबाजूच्या खाणींतून काढलेल्या काळ्या दगडाचे. चुना बैलाच्या घाण्यात मळून लावलेला. खांबाची वरच्या अंगाची, पाणी येतं तिकडची बाजू होडीच्या नाकासारखी टोकदार केलीय, म्हणजे पूर आला की पाणी फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातं, खांबाला छातीवर घ्यावं लागत नाही. जुन्या गर्डरवर विलायतेतल्या कारखान्याची लोखंडी पाटी होती. दगड ज्यांनी घडवले, डोक्यावरून वाहिले, त्यांची पाटी कुठंच नव्हती. ती का नव्हती हे कुणी कुणाला विचारलं असेल का? मला नाही वाटत.

एकोणीसशे सहासष्ट साली जुने गर्डर काढून नवे बसवले. एक रूळ बंद, दुसरा चालू, असं करत करत. तेव्हा पिंपरी-चिंचवडला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, मालगाड्या जड झाल्या होत्या, आणि जुन्या लोखंडाला ते वजन सोसेना. नव्या गर्डरचं एक टोक पक्कं बांधलेलं असतं, दुसरं मोकळं. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा लागते. ती मोकळी बाजू दरवर्षी साफ करून तिथं ग्रीस भरायचं. हे मला कुणी शिकवलं? ज्योतीरामभाऊंनी. मी पाण्याचा हंडा घेऊन उभी असायची आणि ते काम करता करता सांगायचे. दुसऱ्या कुणी पाणीवालीला कधी काही सांगितलं नाही. पाणी प्यायचे, मिशा पुसायचे, आणि चालू पडायचे.

माझे मालक याच गँगमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे कामगार होते. त्यांचं नाव घेते, कोंडीराम. चौसष्ट साली काविळीनं गेले. दोन मुली पदरात, मोठी सहा वर्षांची, धाकटी अजून दुधावरची. मला पाणीवाली म्हणून घेतलं, पण टेंपरवारी. दर वर्षी वाटायचं, आता काढतील. पाच वर्षं मी असं काम केलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता लाल रेघेबद्दल. पुलाच्या खांबावर एक लाल रेघ असते, आडवी. पुराचं पाणी त्या रेघेला टेकलं की पुलाच्या वॉचमननं कुणाला विचारत बसायचं नाही. लाल झेंडा घेऊन धावायचं, रुळावर चाकाखाली फुटणारे फटाके लावायचे, गाडी थांबवायची. नियम तेवढाच. म्हणजे रेघ बरोबर पाहिजे. वॉचमन रेघेवर विश्वास ठेवतो, ड्रायव्हर वॉचमनवर ठेवतो, आणि गाडीतली दोन हजार माणसं कुणावर ठेवतात हे त्यांनाही माहीत नसतं.

ऑफिसच्या कागदावर ही रेघ फूट-इंचात लिहिलेली असते. पण आमच्या जुन्या गँगची मोजायची रीत वेगळी. खांबाच्या डोक्यावर गर्डर ज्या दगडावर बसतो, तो बैठकीचा दगड. त्याच्याखाली दगडांचे पाच थर सोडायचे आणि रेघ मारायची. माझ्या मालकांनी दहा वर्षं तसंच केलं. जेवताना सांगायचे, वरून पाच थर. मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात खांबांच्या दगडांमधल्या दरजा खरवडून सिमेंटनं भरल्या. त्यात जुनी रेघ निघून गेली. पावसाळ्याआधी नवी मारायची होती. ज्योतीरामभाऊ तेव्हा वॉचमनचे मुकादम, पुढच्या दोन-तीन महिन्यांत मिस्त्री होणार हे ठरलेलं. ऑर्डर निघायची तेवढी बाकी. ते दोन दिवस गावी गेले होते, माढ्याच्या पलीकडं, कुटुंबाला आणायची बोलणी करायला. मिस्त्री झाले की दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार, मग यशोदावहिनी आणि दोन्ही मुलं इकडं येणार, मुलं कासारवाडीच्या शाळेत जाणार. याच शाळेत. भाऊंनी जाण्याआधी मला विचारलं होतं, इथले मास्तर मारकुटे आहेत का. मी म्हटलं, मारतात, पण शिकवतात.

रंगाचं काम ज्ञानदेवकडं होतं. ज्ञानदेव तिकडं तिसऱ्या बाकावर बसलाय. खाली बघू नकोस ज्ञानदेवा, तुझं काही चुकलेलं नाही. दोरीला फळी बांधून तो खांबावर लटकलेला, मी खाली कोरड्या नदीत, हातात रंगाचा डबा. ऊन असं की रंग डब्यात घट्ट व्हायला लागला.

ज्ञानदेव म्हणाला, "मावशे, टेप पेटीत राहिली. किल्ली मुकादमांकडं. उद्या येतील, उद्या मारू."

मी म्हटलं, "उद्या परत ही दोरी बांधायची, परत हा रंग पातळ करायचा. टेप कशाला पाहिजे? वरून पाच थर सोड अन् मार."

"नक्की पाच?"

"माझ्या नवऱ्यानं दहा वर्षं मारलीय. तू मला शिकवतोस?"

त्यानं पाच थर मोजले आणि रेघ मारली. सगळ्या खांबांवर. सरळ मारली, रंगही चांगला लागला.

चूक कुठं झाली ते सांगते, नीट ऐका. सहासष्टला नवे गर्डर बसवताना बैठकीचा दगड काढला होता आणि त्याच्याखालचा एक थरही काढला होता. दोन्हींच्या जागी काँक्रिटचा एकच मोठा ठोकळा ओतला होता. म्हणजे पाचांतला एक थर ठोकळ्यात गेलेला. ठोकळ्याखाली चारच सोडायला पाहिजे होते. मी पाच सोडायला लावले. रेघ सव्वा फूट खाली आली.

चूक माणसाकडून होते. इथपर्यंत मी स्वतःला माफही केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ज्योतीरामभाऊ आले. रेघ बघितली आणि मला विचारलं, "चतुराबाई, टेप लावली होती का?"

मी म्हटलं, "लावली."

का म्हटलं? किल्ली त्यांच्याच खिशात होती, थोडा विचार केला असता तर त्यांना कळलं असतं. पण त्यांनी विचार केला नाही, कारण मी सांगितलं होतं. रजिस्टरवर सही केली. मला एवढंच वाटलं, परत उन्हात उभं राहायला नको. गाजरं आणायची होती, बाजार उठायच्या आत. त्या दिवशी गाजरं मिळाली, एवढं मला आजही आठवतं.

ऑगस्टात मावळात तीन दिवस झोडपून पाऊस झाला. सकाळी पावणेआठला पाणी रेघेला टेकलं. पुण्याकडून लोकल येत होती, कारखान्यांची जनरल शिफ्ट घेऊन. भाऊंनी झेंडा दाखवला, फटाके लावले, गाडी थांबली. मागं एक्स्प्रेस थांबली, तिच्या मागं मालगाडी. दोन तास. माणसं रुळावर उतरली. हजेरी बुडणार म्हणून कोण शिव्या देतंय, कोण विनवतंय. एक जण भाऊंच्या अंगावर धावून आला. हे आपले एकच सांगत होते, "रेघेला पाणी लागलंय. रेघ बघा."

तेव्हाचे साहेब ट्रॉलीवरून आले. आता ते कुठं आहेत मला माहीत नाही, नावही घेत नाही. गर्डरच्या तळापासून पाण्यापर्यंत टेप सोडली. धोक्याला अजून सव्वा फूट बाकी. साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "शुद्धीत होतास का तू?" एवढ्या माणसांसमोर.

ज्योतीरामभाऊ आयुष्यात दारूला शिवले नाहीत. ते चहासुद्धा घेत नाहीत, आज मघाशी तुम्ही दिलेला कप तसाच पुढ्यात आहे, बघा.

साहेबांनी विचारलं, "रेघ मारताना टेप लावली होती का?"

मी हंडा घेऊन तिथंच होते, दहा पावलांवर. भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याकडं बघितलं. पाणी लाल होतं, मधूनच एखादं झाड वाहत जायचं. मी झाड बघत राहिले.

भाऊ म्हणाले, "नाही साहेब. राहून गेलं."

"कुणी राहू दिलं?"

"मी."

झालं. मिस्त्रीची ऑर्डर आली नाही. मुकादमकी गेली. पलीकडच्या काठावरच्या एका खोलीच्या चौकीत साधे वॉचमन म्हणून त्यांना बसवलं, ते आज दुपारपर्यंत तिथंच होते. आणि मी? पुढच्याच वर्षी मला कायम केलं. काम चोख, वर्तणूक चांगली, असं लिहिलं.

त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी ते मला पुलावर भेटले. ज्ञानदेवकडून त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी तयारीत होते, माझ्याकडंही शिव्या कमी नाहीत. ते म्हणाले, "चतुराबाई, थर मोजायचे तर खालून मोजावेत. वरचं बदलतं. पायाचा दगड कुणी हलवत नाही." एवढं बोलून गेले. मला तो टोमणा वाटला. मी मनात म्हटलं, आता जन्मभर ऐकवणार. तो टोमणा नव्हता. ते मला काम शिकवत होते, नेहमीसारखे. हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. चौकीवर रोज एक हंडा पोचवणं माझं काम. पूल ओलांडून जायचं, दारात हंडा ठेवायचा. मी म्हणायची, "पाणी." ते आतून म्हणायचे, "ठेवा." अकरा वर्षं. सुट्ट्या वजा करा, तरी किती वेळा झालं असेल? आत मी कधी पाऊल टाकलं नाही. आत एक खाट, एक कंदील आणि खिळ्याला झेंडे, एवढंच दारातून दिसायचं. खिडकी नदीकडं. खाली पाणी, वर गाड्या. दर गाडीत हजार माणसं, आणि या माणसाशी बोलायला कुणी नाही.

बोलणारे होते म्हणा. लोकलच्या दारात लटकणारी पोरं ओरडायची, "ओ रेघवाले, पाणी आलं का?" भर एप्रिलात, नदीत गुरं चरत असताना. ते नाव गँगमध्येही पडलं. रेघवाले. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते नाव घेतलंय. हसू नका. मीही घेतलंय. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, यंदा पाऊस कसा. मी म्हटलं, "रेघवाल्यांना विचारा." सगळे हसले. ते समोरच गर्डरखाली ग्रीस भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला हसावंच लागत होतं, नाहीतर कुणाच्या तरी मनात आलं असतं, ही का हसत नाही.

पंचाहत्तर साली, थंडीत, मी नेहमीसारखी दारात गेले. म्हटलं, "पाणी." आतून आवाज आला, "आज दोन हंडे ठेवा. अंघोळ करायचीय." तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी दुसरा हंडा आणून ठेवला. कशाची अंघोळ, हे मला कळायला पाहिजे होतं. बाईमाणसाला हे कळतं. मला कळलंही असेल, मी विचारलं नाही. संध्याकाळी ऑफिसात समजलं, तार आली होती. यशोदावहिनी गेल्या. जायला पुढची गाडी रात्रीची होती, आणि ड्युटीला दुसरा माणूस यायचा होता, म्हणून ते तेवढा वेळ तिथंच थांबले. एकटे. मी हंडा ठेवून निघून आले होते.

ती बाई इकडं कधी आली नाही. एका खोलीच्या चौकीत, रुळाला लागून, बायकापोरं ठेवायची परवानगीच नव्हती. दोन खोल्या मिळणार होत्या. त्या मी गाजरांच्या घाईत घालवल्या.

तुम्ही म्हणाल, आज हे कशाला? त्यांचा आनंदाचा दिवस आहे. आनंदाचा आहे का? या पहिल्या ओळीत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. नानासाहेबांनी त्यांच्या मुलांना पत्रं घातली होती. एक मास्तर आहे, एक शेती बघतो. दोघांचंही उत्तर नाही. का नाही? साहेबांनी त्या दिवशी विचारलेलं ते वाक्य, "शुद्धीत होतास का," ते गावापर्यंत गेलं. त्यांच्याच गावचा एक जण पिंपरीला कारखान्यात होता, त्याच लोकलमध्ये होता. त्यानं जाऊन सांगितलं, तुमचा बाप दारू पिऊन गाडी अडवतो, म्हणून खाली उतरवलाय. पोरं तेच धरून मोठी झाली. आई गेली तेव्हाही बापाशी धड बोलली नाहीत. हे मला ज्ञानदेवनं गेल्या महिन्यात सांगितलं. मला वाटत होतं, माझ्या खोटेपणामुळं एक ऑर्डर गेली. एवढं सगळं गेलंय हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला मी कधी त्या दारातून आत गेले असते तर कळलं असतं.

ज्योतीरामभाऊ, तुम्ही आता उठाल आणि म्हणाल, जुनं झालं, राहू द्या. बसा. अकरा वर्षं तुम्ही बोलला नाहीत, आणखी पाच मिनिटं बोलू नका.

जोगळेकरसाहेब, हा कागद मी वाचून झाल्यावर तुमच्या हातात देणार आहे. खाली माझी सही आहे, अंगठा नाही. ज्ञानदेवचीही सही आहे, त्यानं काल केली. याला भाषण समजू नका, जबाब समजा. रेघ माझ्या सांगण्यावरून मारली, टेप लावली नाही, आणि लावली असं मी मुकादमांना खोटं सांगितलं. त्यांच्या सर्व्हिस बुकात काय लिहिलंय ते मला वाचता येतं का माहीत नाही, पण जे लिहिलंय त्याच्या खाली हे लिहा. आजच्या तारखेत, ते नोकरीत आहेत तोवर. माझी नोकरीची सहा वर्षं राहिलीत. त्या वर्षांचं जे करायचं ते नियमानं करा, मी तक्रार करणार नाही. मुली आपापल्या घरी गेल्या आहेत. माझ्या घरात आता मीच, एक खाट, एक कंदील.

राहिली त्यांची मुलं. ती इथं येणार नाहीत, हे दिसतंच आहे. म्हणून उद्याच्या सोलापूरकडच्या पॅसेंजरनं मी माढ्याला जाते आहे. तीन दिवसांची रजा टाकलीय, पास काढलाय. भाऊही त्याच गाडीनं आहेत. त्यांनी बरोबर नको म्हटलं तर मी दुसऱ्या डब्यात बसेन. स्टेशनवरून गावाला चार मैल आहे म्हणतात, मी मागून चालेन. पण त्या दोघांच्या दारात उभी राहीन आणि त्यांच्या बापानं जे त्या दिवशी माझ्यासाठी सांगितलं नाही ते सांगेन. त्यांनी मला हाकललं तर हाकलू दे. सांगून झाल्यावर हाकलू दे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे, नानासाहेबांचे, आणि हॉल दिल्याबद्दल शाळेच्या हेडमास्तरांचे आभार मानते. तुम्ही सगळे ऐकत राहिलात, कुणी मध्ये उठला नाहीत, त्याबद्दल तुमचेही. बोलताना शब्द कमीजास्त गेला असेल, कुणा मोठ्या माणसाचा मान राहिला नसेल, तर अडाणी बाई म्हणून सभेनं सोडून द्यावं. रेघेची माफी सभेकडं मागत नाही, ती सभेची नाही.

ज्योतीरामभाऊ, हा नारळ. आणि त्या दिवशी, दोन हंड्यांच्या दिवशी, मी आत यायला पाहिजे होतं.